बाथच्या जुन्या फ्लॅटमधल्या खिडक्या: काच बदलू नका, आतून दुसरी लावा

पत्र: ताई, नमस्कार. आम्ही दोघं आणि आमची दीड वर्षाची मुलगी इंग्लंडमधल्या बाथ शहरात राहतो. गेल्या वर्षी एका जॉर्जियन, म्हणजे दोनेकशे वर्षं जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. इमारत ग्रेड टू लिस्टेड आहे, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेली आणि कायद्याने संरक्षित. खिडक्या जुन्या, वर-खाली सरकणाऱ्या लाकडी सॅशच्या. दिवाणखान्यात मोठ्या दोन खिडक्या आहेत आणि त्यांना आतून घडीची लाकडी शटर्स आहेत. आमच्या झोपायच्या खोलीत एक खिडकी रस्त्यावर उघडते, तिला शटर्स नाहीत. मुलीची खोली आणि स्वयंपाकघर मागच्या बाजूला आहे. रस्त्यावर पहाटेपासून बसगाड्या आणि वर सीगल पक्ष्यांचा कलकलाट. सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत. थर्मोस्टॅट २० दाखवतो, तरी त्या म्हणतात खिडकीतून गार येतंय. नवरा म्हणतो, वीस म्हणजे वीस. सकाळी काचांवरून पाणी ओघळतं. एक जण म्हणतो खिडक्या काढून प्लास्टिकच्या दुहेरी काचेच्या लावा, दुसरा चुंबकाने चिकटणारी ॲक्रिलिकची शीट विकतो, तिसरा ॲल्युमिनियमची सरकती चौकट सांगतो. तिघांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक. काय करू?

उत्तर: आधी सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे आणि थर्मोस्टॅटही खोटं बोलत नाही. थर्मोस्टॅट हवेचं तापमान मोजतो, शरीराला मात्र समोरच्या काचेचा गारठाही जाणवतो. बाहेर शून्य अंश आणि आत २० असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग साधारण ५ अंशांवर असतो. त्या काचेशेजारी बसलं की अंगातली ऊब त्या दिशेने निघून जाते, भोवतालची हवा कितीही गरम असली तरी. शिवाय काचेला लागून गार झालेली हवा जड होऊन खाली उतरते आणि पायांशी पसरते. सासूबाईंना वारा जाणवतो तो हाच, खिडकीत एकही फट नसती तरी तो जाणवला असता. आतून दुसरी काच लावली की त्या आतल्या काचेचा पृष्ठभाग १२-१३ अंशांवर येतो आणि उष्णता आत परतवणाऱ्या लो-ई लेपाची काच घेतली तर १५च्या आसपास. हिशेब ढोबळ आहे, पण खुर्चीत बसलेल्या माणसाला एवढा फरक लगेच कळतो. तोपर्यंत त्यांची खुर्ची खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीशी ठेवा.

प्लास्टिकच्या खिडक्या सुचवणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. लिस्टेड इमारतीत परवानगीशिवाय खिडकी बदलणं हा इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा आहे. घर पुढे विकलं तरी नोटीस त्या वेळच्या मालकाला येऊ शकते आणि जुन्या धर्तीची खिडकी स्वखर्चाने परत बसवावी लागते. पण कायद्याचा धाक हे माझं दुसरं कारण आहे. पहिलं कारण खिडकीच आहे. एखाद्या सकाळी ऊन तिरपं असताना समोरच्या घराकडे तुमच्या काचेतून बघा आणि डोकं हळूहळू हलवा. समोरची भिंत किंचित लाटेसारखी हलली तर ती हाताने घडवलेली काच आहे. जुन्या काळी तापलेल्या काचेचा गोळा फुंकून, गरगर फिरवून त्याची ताटासारखी चकती करत आणि तिचे तुकडे कापून तावदानात बसवत. अशी काच एकदा कचऱ्यात गेली की गेली. चौकटीचं लाकूडही सावकाश वाढलेल्या पाईनचं असतं, घट्ट रेषांचं. आज लाकडाच्या दुकानात सहज मिळणारं पाईन त्याच्यापुढे भुसभुशीत वाटतं. मी गेली अठरा वर्षं या खिडक्यांच्या दुरुस्तीचं काम करते आहे आणि दीडशे-दोनशे वर्षं जुन्या सॅशचा फक्त खालचा दांडा कुजलेला, बाकी सगळं लाकूड ठणठणीत, हे मी किती वेळा पाहिलं याची मोजदाद नाही.

म्हणून कुठलीही नवी चौकट मागवण्याआधी खिडकी दुरुस्त करून घ्या. देवघरातली एक उदबत्ती घ्या, वाऱ्याच्या दिवशी पेटवा आणि खिडकीच्या कडेकडेने हळू फिरवा. आधी दोन्ही सॅश जिथे मधोमध भेटतात तो आडवा दांडा, मग दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या, मग खालचा उंबरठा. धूर जिथे आडवा पळतो तिथे फट आहे. बहुतेक घरांत सगळ्यात जास्त धूर मधल्या दांड्याशी पळतो, कारण वरची सॅश रंगाच्या थरांनी थोडी खाली चिकटून बसलेली असते आणि कडी नीट लागत नाही. चौकटीच्या दोन्ही बाजूंना पोकळ पेटी असते. तिच्यात लोखंडाची किंवा शिशाची वजनं दोरीने टांगलेली असतात आणि दोरी वर कप्पीवरून जाते. दोरी तुटलेली असेल, सॅश अडकत असेल, तर आतल्या बाजूची पट्टी काढून सॅश बाहेर घेता येते, दोरी बदलता येते, कुजलेल्या भागात नवं लाकूड सांधता येतं, काचेच्या कडेची सुकून गळलेली लांबी (पुट्टी) काढून जवसाच्या तेलाची नवी भरता येते. खालच्या दांड्यात पेनाची टोपी सहज रुतली तर तिथे सुताराला हात घालावाच लागेल. एक जपायचं: जुन्या रंगाच्या खालच्या थरांत शिसं असण्याची दाट शक्यता आहे. घरात रांगतं-चालतं मूल असताना कोरड्या कागदाने रंग घासू देऊ नका. कारागिराला ओल्या पद्धतीने काम करायला सांगा आणि मुलीला त्या दिवशी दुसरीकडे ठेवा.

आता मुख्य प्रश्न. तिघांपैकी कुणाची वस्तू चांगली, असा विचार करू नका. त्या खोलीत तुम्हाला त्रास कशाचा होतो, तिथून सुरुवात करा. थंडीसाठी जे उत्तम ते आवाजासाठी उत्तम असेलच असं नाही.

थंडीसाठी दोन काचांमध्ये १६ ते २० मिलिमीटर अंतर पुरतं. ते वाढवलं तर नुकसान फारसं नाही आणि फायदाही नाही. खरा फरक पडतो तो लो-ई काचेने आणि कडेच्या पक्क्या सीलने. या काचेच्या एका बाजूला न दिसणारा लेप असतो, तो खोलीतली उष्णता परत आत पाठवतो. सेकंडरी ग्लेझिंगसाठी, म्हणजे आतून लावायच्या या दुसऱ्या काचेसाठी, टणक लेपाची घ्या आणि लेपाची बाजू पोकळीकडे, म्हणजे जुन्या खिडकीकडे राहील हे बसवताना डोळ्यांनी बघून घ्या. हिस्टॉरिक इंग्लंड ही सरकारी संस्था सांगते की अशा काचेने खिडकीतून होणारी उष्णतेची गळती ६० टक्क्यांहून अधिक कमी होते. सासूबाई असेपर्यंत आजच करता येण्यासारखं म्हणजे जाड पडदे. ते नुसते ओढले तरी गळती ४१ टक्क्यांनी कमी झाली होती, असं त्याच संस्थेसाठी झालेल्या चाचणीत दिसलं. मात्र पडदा रेडिएटरच्या पुढून जमिनीपर्यंत सोडू नका, नाहीतर खोलीऐवजी खिडकीच गरम कराल.

आवाजाचं गणित वेगळं. तिथे अंतर हेच औषध आहे. दोन काचांमध्ये किमान १०० मिलिमीटर, जमल्यास १५० सोडा. २००च्या पुढे विशेष काही मिळत नाही. आतली काच जाड हवी आणि बाहेरच्या काचेपेक्षा वेगळ्या जाडीची हवी. दोन्ही एकाच जाडीच्या असल्या तर एकाच सुराला दोन्ही एकदम थरथरतात आणि तो सूर सरळ आत येतो. तुमच्या जुन्या काचा तीनेक मिलिमीटरच्या असतील, तर आत ६.४ किंवा ६.८ मिलिमीटरची लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) काच घ्या. ६.८ची ध्वनिरोधक थराची मिळते, ती जास्त चांगली. सीगलचा किंचाळा उंच पट्टीचा असतो आणि तो फटींतून येतो. नुसतं सील नीट बसलं तरी तो बराच मंदावेल. बसच्या इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली, ती हलकी शीट अक्षरशः हलवून आत येते. म्हणून झोपायच्या खोलीसाठी पातळ ॲक्रिलिक घेऊ नका असं मी आग्रहाने सांगते. तिने थंडी आटोक्यात येईल, पण पहाटेची पहिली बस तुम्हाला उठवतच राहील.

तुमच्या झोपायच्या खोलीला शटर्स नाहीत, ही इथे सोयीची गोष्ट आहे. खिडकीची कोनाड्यासारखी खोल जागा मोकळी आहे, त्यामुळे चौकट शक्य तेवढी आत घेता येईल. या खिडकीला वर-खाली सरकणारी ॲल्युमिनियमची चौकट बसवा. आतले दोन्ही पल्ले ज्या उंचीवर भेटतात ती रेषा जुन्या सॅशच्या मधल्या दांड्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. ती जुळली की रस्त्यावरून काही दिसतही नाही आणि आतून काच दुभंगल्यासारखी वाटत नाही. माप घ्यायला येणारा माणूस फक्त एका ठिकाणी टेप लावून निघाला तर त्याला थांबवा. रुंदी वर, मध्ये आणि खाली, उंचीही तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण, एवढं मोजलंच पाहिजे. दोनशे वर्षांच्या इमारतीत काटकोन क्वचित सापडतो. वाकडेपणा लाकडी उपचौकटीत भरून काढायचा असतो, सिलिकॉनच्या जाड थरात नाही.

दिवाणखान्याचं जरा नाजूक आहे. तिथे तुमच्याकडे शटर्स आहेत आणि ती चालू स्थितीत असतील तर तो खजिना आहे. अनेक घरांत ती रंगाने त्यांच्या पेटीत कायमची चिकटलेली असतात आणि मालकाला ती आहेत हेच ठाऊक नसतं. बंद केलेली चांगली शटर्स उष्णतेची गळती निम्म्याहून जास्त कमी करतात, म्हणजे रात्रीपुरती ती जवळजवळ काचेचंच काम करतात. मग या खोलीत आवाजासाठी १०० मिलिमीटर अंतर मागाल तर नवी चौकट शटर्सच्या वाटेत येईल आणि ती पुन्हा कधीच मिटणार नाहीत. माझा कौल शटर्सच्या बाजूने आहे. सॅशला लागून आतल्या बाजूला जी लाकडी पट्टी असते, तिच्यावरच बारीक चौकट बसवा, काच लो-ई घ्या आणि शटर्स तिच्या आत मिटू द्या. आवाज थोडा राहील, पण या खोलीत तुम्ही झोपत नाही. स्क्रू त्या पट्टीतच जाऊ देत. पट्टी उद्या बदलता येते. शटर्सच्या पेटीच्या नक्षीदार फळ्यांत मात्र एकही भोक पडता कामा नये. चौकट मागवण्याआधी पुठ्ठ्याची पट्टी तेवढ्या जाडीची कापून तिथे चिकटवा आणि शटर्स मिटून बघा. कडीचा दांडा बाहेर आलेला असतो आणि नेमका तोच आड येतो.

उचलून काढायची काच स्वस्त पडते म्हणून कुणी सुचवेल. तुमच्या मोठ्या खिडक्या १.१ मीटर रुंद आणि २ मीटर उंच धरल्या तर ४ मिलिमीटर काचेचं वजन २२ किलो भरतं, चौकट वेगळी. दर आठवड्याला पुसायला तेवढं ओझं उतरवणार कोण? आणि उतरवून भिंतीला टेकवलं की दीड वर्षाची मुलगी आधी तिथेच पोचणार. अशी काच लहान, क्वचित उघडायच्या खिडकीला ठीक.

ॲक्रिलिकला मी सरसकट नावं ठेवत नाही. तेवढ्याच आकाराची ४ मिलिमीटरची शीट साडेदहा किलोच्या आसपास भरते आणि चुंबकाच्या पट्टीवर बसते, त्यामुळे भाड्याच्या घरासाठी किंवा मागच्या शांत खोलीसाठी ती चांगली सोय आहे. तिच्यावर ओरखडे लवकर पडतात, म्हणून मऊ कापड आणि साबणाचं पाणीच वापरावं. पण तुमच्या मुलीच्या खोलीत, मागे असली तरी, मला ती नको वाटते. आगीच्या वेळी बाहेर पडायला जी खिडकी लागेल तिच्यासमोरचा पल्ला कुणालाही, अंधारातही, एका हालचालीत उघडता आला पाहिजे. सुटकेच्या खिडकीची मोकळी जागा किमान ०.३३ चौरस मीटर असावी आणि रुंदी-उंची दोन्ही ४५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असा इथला नियम आहे. नवी आतली चौकट ही जागा खात नाही ना, हे तपासा. तिच्या खोलीत बिजागरीवर दारासारखा उघडणारा पल्ला घ्या आणि बाहेरच्या सॅशला ती १०० मिलिमीटरपेक्षा जास्त उघडू न देणारा, मोठ्या माणसाला सोडवता येणारा अडसर लावा. जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या आत येणारी कुठलीही काच टफन्ड (तापवून मजबूत केलेली) किंवा लॅमिनेटेडच हवी. जॉर्जियन खिडक्यांचे उंबरठे खाली असतात, त्यामुळे दिवाणखान्यालाही हे लागू पडेल.

आता काचेवरचं पाणी. माझ्या स्वतःच्या घरात मी हा धडा महागात शिकले. खिडक्या बसवणाऱ्याने आतली चौकट लावली आणि जाता जाता बाहेरची जुनी सॅशही फटी बुजवणाऱ्या ब्रशपट्ट्या लावून घट्ट बंद करून दिली. मला ते फारच चोख काम वाटलं. दोन हिवाळे गेले आणि दोन काचांमधल्या पोकळीत धुकं दाटायला लागलं. तिसऱ्या वर्षी खालचा दांडा काळा पडला. खोलीतली उबदार दमट हवा थोडी तरी पोकळीत शिरतेच आणि तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती गार जुन्या काचेवर पाणी होऊन बसते. म्हणून आतली चौकट जितकी घट्ट बसेल तितकी बसवायची आणि बाहेरची जुनी सॅश दुरुस्त करायची, पण सील करायची नाही. तिच्या बारीक फटींतून येणारी कोरडी गार हवा पोकळी सुकवते. हे बसवणाऱ्याला कोटेशनमध्ये लिहून द्यायला सांगा, कारण बरेच जण दोन्ही बाजूंनी घट्ट करणं म्हणजे दुप्पट चांगलं काम समजतात.

जिथे आतली काच लावणारच नाही तिथे मात्र उलट. स्वयंपाकघराच्या खिडकीला मी सेकंडरी ग्लेझिंग लावणार नाही, फक्त जुन्या सॅशला ब्रशपट्ट्या बसवीन. सुस्थितीतल्या सॅशमधून आत येणारा वारा त्याने ८६ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. आणि वरची सॅश रंगातून सोडवून पुन्हा सरकती करीन. वरून चार बोटं आणि खालून चार बोटं उघडली की वाफ वरून बाहेर जाते आणि ताजी हवा खालून येते. ही खिडकी मुळात त्यासाठीच घडवलेली आहे. आपल्या स्वयंपाकात वाफ फार. कुकरच्या शिट्ट्या, डाळीचं आधण, इडलीचं पात्र, मोदक उकडायचे म्हटले तर विचारूच नका. ही सगळी वाफ दाराबाहेर पडून झोपायच्या खोलीच्या गार काचेवर जाऊन बसते. २० अंशांच्या खोलीत दमटपणा ६० टक्के असेल तर १२ अंशांच्या खालच्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरणार. तुमची आताची काच ५ अंशांवर आहे. तेव्हा एक्झॉस्ट पंखा हवा बाहेर फेकतो की नुसती जाळीतून परत खोलीत सोडतो ते बघा, स्वयंपाक होईपर्यंत दार लावून ठेवा आणि रेडिएटरवर कपडे वाळवणं शक्य तितकं कमी करा. खोलीत गॅसची शेगडी किंवा शेकोटी असेल तर भिंतीतली कायमची झरोक्याची जाळी कधीही बुजवू नका आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

परवानग्या दोन. लिस्टेड इमारतीचा आतला भागही संरक्षित असतो, त्यामुळे आतून लावतोय म्हणून चालेल असं गृहीत धरू नका. सेकंडरी ग्लेझिंग पुढे काढून टाकता येतं आणि जुन्याला धक्का लावत नाही, म्हणून त्याकडे सहानुभूतीने पाहिलं जातं, तरीही कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला, म्हणजे जुन्या इमारतींचं जतन बघणाऱ्या अधिकाऱ्याला, खिडकीचे फोटो, चौकटीचा आडवा छेद आणि स्क्रू कुठे जाणार याची माहिती पाठवून लेखी उत्तर मिळवा. फ्लॅट लीजवर असेल तर लीजचा कागद काढा. कित्येकदा काच तुमची आणि चौकट इमारतमालकाची असते, मग त्यांचीही लेखी संमती लागेल. तोंडी होकारावर पैसे देऊ नका.

सगळ्या खिडक्या एकदम करू नका. आधी दुरुस्ती सगळ्यांची, मग झोपायच्या खोलीची एक चौकट, आणि तिच्यासोबत एक पूर्ण हिवाळा. या हिवाळ्यात दिवाणखान्याला हेअर ड्रायरने ताणायची पारदर्शक फिल्म लावून बघू शकता, फक्त तिचा चिकटपट्टा जुना रंग उपटतो म्हणून आधी कोपऱ्यात तपासा. जानेवारीतल्या एखाद्या गोठलेल्या सकाळी झोपायच्या खोलीत जा. आतली काच कोरडी आणि बाहेरची ओली दिसली, तर आतलं सील कुठेतरी गळतंय, उदबत्ती पुन्हा फिरवा. आतली ओली आणि पोकळी कोरडी असेल, तर चौकट बरोबर आहे आणि वाफ घरात जास्त आहे. दोन्ही कोरड्या दिसल्या की दिवाणखान्याच्या खिडक्यांची ऑर्डर द्या.